मथळा खरा धरला तर

दुसरं महायुद्ध ब्रिटनने 1945 साली जिंकलं आणि 1946 च्या जुलैत पाव रेशनवर आणला. युद्ध चालू होतं, जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या, तेव्हाही पावाला कार्ड लागत नव्हतं. शांतता आली आणि पावाची रांग लागली. हे वाचल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर लंडनमधल्या एक आजीबाई येतात. हातात पिशवी, पिशवीत रेशनकार्ड. बेकरीवाल्याला विचारताहेत, ‘मग पुन्हा कधी सुरू करताय?’

‘काय, आजी?’

‘युद्ध हो!’

पुढचं ओघानेच येतं. आजीबाईंमागे मोर्चा, मोर्च्यामागे पार्लमेंटात प्रश्न, आणि अन्नमंत्र्यांचं लेखी उत्तर: एखाद्या सोयीच्या देशाशी पंधरवड्यापुरतं छोटंसं युद्ध करता येईल का, याची चाचपणी चालू आहे, मात्र गव्हाची सोय त्या देशाने करायची आहे.

जुने मथळे वाचण्याचा मला नाद आहे. खालची बातमी मी शक्यतो वाचत नाही. बातमीत खुलासे असतात, आणि खुलाशाने मजा जाते. मथळा तेवढा उचलायचा, शब्दशः खरा धरायचा आणि पुढचा संसार आपण थाटायचा. युद्धानंतरची दहा-पंधरा वर्षं या उद्योगाला फार सुपीक. जगाला सगळ्याचीच घाई झालेली आणि कागदाची टंचाई. त्यामुळे मथळे आखूड आणि ठाम. ‘असे समजते’, ‘सूत्रांकडून कळते’ वगैरे लिहायला जागाच नाही.

त्यातला मुकुटमणी म्हणजे 3 नोव्हेंबर 1948 चा ‘शिकागो डेली ट्रिब्यून’. पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच ओळ: ड्यूईने ट्रुमनला हरवलं. थॉमस ड्यूई म्हणजे न्यूयॉर्कचे गव्हर्नर, कोरलेल्या मिशीचे. हॅरी ट्रुमन म्हणजे गादीवर बसलेले अमेरिकेचे अध्यक्ष. अध्यक्षपदाचा निकाल लागला तेव्हा ट्रुमनना 303 निर्वाचक मतं आणि ड्यूईंना 189. झालं होतं असं, की ट्रिब्यूनमध्ये कंपोझिटरांचा संप चालू होता. मजकूर टाइपरायटरवर बडवायचा, चिकटवायचा, त्याचा फोटो काढून ठसे करायचे. त्यात वेळ जाई, म्हणून पहिली आवृत्ती नेहमीपेक्षा काही तास आधीच छापायला सोडावी लागे. मतमोजणी व्हायची होती, पण वॉशिंग्टनचे मुरलेले बातमीदार म्हणाले ड्यूईच, आणि जनमत चाचणीवाले तर कधीपासून तेच म्हणत होते.

आमच्या शेजारी एक निवृत्त उपसंपादक राहतात. हयात रात्रपाळीत गेली. त्यांना हे सांगितलं तर हसले नाहीत. म्हणाले, ‘डाक आवृत्तीचं असंच असतं हो. एस. टी. कुणाच्या निकालासाठी थांबत नाही.’

त्या आवृत्तीच्या साधारण दीड लाख प्रती निघाल्या म्हणतात. त्यातली एक इंडियानाच्या कुठल्या आडगावी गेली असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तिथल्या शेतकऱ्याने ती वाचली, घडी करून फडताळात ठेवली आणि बर्फ पडायला लागलं. रस्ता बंद, रेडिओची बॅटरी गेलेली. त्याच्यापुरते ड्यूई अध्यक्ष झाले ते झालेच. जानेवारीत मुलगा झाला, त्याचं नाव थॉमस ठेवलं. उन्हाळ्यात मक्याचा भाव पडला, तेव्हा तो ड्यूईंच्या नावाने बोटं मोडायला लागला. 1950 मध्ये कोरियात युद्ध पेटलं, तर बायकोला म्हणाला, ‘मी सांगत नव्हतो? ट्रुमन असता तर हे झालं नसतं.’ 1952 च्या निवडणुकीत आयसेनहॉवर उभे राहिले आणि ड्यूई नाहीत, हे पाहून त्याला जरा वाईटच वाटलं. एकाच मुदतीत दमले बिचारे. तब्येत साथ देत नसेल.

त्याच गावातला न्हावी मात्र खरा बुडाला. टॅफ्टसाहेब 1913 मध्ये व्हाइट हाउसमधून बाहेर पडले, त्यानंतर तिथे मिशीवाला माणूस राहायला आलेला नव्हता. आता पस्तीस वर्षांनी मिशी येतेय म्हटल्यावर धंद्यातला कुठला माणूस गप्प बसेल? त्याने मिशीला लावायचं मेण पेटीने मागवलं, उधारीवर. गिऱ्हाइकांना दाढी करताना ओठाच्या वरचा भाग सोडून द्यायला लागला. अर्ध्या गावाच्या बायका बोलेनाशा झाल्या.

आणि ट्रुमन? सेंट लुईच्या स्टेशनात गाडीच्या मागच्या कठड्याशी उभे राहून त्यांनी तो अंक दोन्ही हातांनी उंच धरला, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. निवडून आलेले पुढारी हसतात ते मोजून, फोटोपुरतं. ट्रुमनचं ते हसू रोज सकाळी पेपर वाचून चरफडणाऱ्या वाचकाचं आहे.

रॉसवेलच्या मथळ्याचं आयुष्य एका दिवसाचं. 8 जुलै 1947 ला न्यू मेक्सिकोतल्या त्या गावच्या ‘डेली रेकॉर्ड’ने छापलं, की विमानदलाने जवळच्या एका रँचवर उडती तबकडी पकडली. त्याच संध्याकाळी विमानदलाच्या जनरलसाहेबांनी तो हवामानाचा फुगा होता म्हणून सांगून टाकलं. (तो रशियाच्या अणुचाचण्यांचा कानोसा घ्यायला सोडलेल्या गुप्त फुग्यांपैकी होता, हे विमानदल बोललं 1994 मध्ये.) पण पहिला मथळा टिकला असता तर? पकडली म्हणजे पंचनामा आला. दोन प्रतिष्ठित पंच, मुद्देमालाची यादी: रबराच्या चिंध्या, चांदीचा कागद, काड्या, चिकटपट्टी. सामान बघून पंचांनी विचारलं असतं, ‘हे पोराच्या हस्तकलेचं दिसतंय, तबकडी कुठाय?’ मग मेंढ्यांच्या कुरणाची नुकसानभरपाई, आणि ती कुठल्या ग्रहाच्या तहसीलदाराकडे मागायची यावर तीन वर्षं पत्रव्यवहार.

1954 मधलं एक वचन मात्र मला अजून झोंबतं. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष लुईस स्ट्रॉस न्यूयॉर्कच्या भाषणात म्हणाले, की आपल्या मुलांना वीज इतकी स्वस्त मिळेल, की मीटर लावणंही परवडायचं नाही. पेपरांनी ते उचललं. हे आपल्याकडे खरं झालं असतं तर पहिली कुऱ्हाड आकडेबहाद्दरांवर पडली असती. फुकट विजेवर आकडा टाकण्यात कसली मर्दुमकी? तिन्हीसांजेला बांबू घेऊन निघणाऱ्या माणसाला गावात मान असतो, तो गेला. घरात माणसं असताना ‘दार बंद’ असा शेरा मारून जाणारा रीडिंगवाला बेकार. सबमीटर नाही म्हटल्यावर घरमालक आणि भाडेकरू भांडणार कशावरून? आणि पक्षांचे जाहीरनामे! बिलमाफी वगळली तर उरलेला मजकूर पोस्टकार्डावर मावेल.

तारापूरला 1969 पासून अणुवीज होते. माझ्या घरचा मीटर तेव्हाही फिरत होता. आता तो डिजिटल झालाय, त्यामुळे फिरताना दिसत नाही, बिल दिसतं.

तेव्हा वाचकांना एक विनंती. 1945 ते 1960 मधले पेपर कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेच्या तळाशी, देवघराच्या फळीवर अंथरलेले सापडले, तर रद्दीत घालण्याआधी मला कळवा. भाव रद्दीवाल्याचाच देईन. वजन मात्र माझ्या काट्यावर होईल.