हजार फेरे, एक फूट

बाबांचं एचएमटी ‘जनता’ घड्याळ साताऱ्यात फरशीवर पडलं आणि चुलतभावाच्या बॅगेतून जर्सी सिटीत माझ्याकडे आलं. आतल्या बॅलन्स चाकाच्या दांडीचं टोक मोडलं होतं. शहाणा माणूस नवी दांडी मागवतो. मी जुनी लेथ मागवली.

लेथ आली बिनमोटारीची. मग शिलाई मशीनची जुनी मोटार जोडली, पायाच्या पेडलसकट. पेडल हळू दाबलं तर नुसती कुंथते, जरा जोर दिला की पोळ्याच्या बैलासारखी उधळते, आणि हत्यार पोलादाला टेकलं की मान टाकते.

मिनिटाला फेरे किती ठेवायचे? पुस्तकी हिशेबानं पोलादाची कड हत्यारापुढून मिनिटाला 20 मीटर पळावी. दांडीचं टोक 0.1 मिलिमीटर. भागाकार केला : चौसष्ट हजार फेरे!

“खालच्या मजल्यावर आधी सांगून ये,” बायको म्हणाली.

बाबांना फोन लावला.

“साधी इंडक्शन मोटार बसव. 1440 फेऱ्यांची.”

“इथे तीच 1725 घेते, बाबा. वीज पन्नासऐवजी साठ हर्ट्झची.”

“म्हणजे तिकडे विजेलाही घाई! आमचा घड्याळजी हातात कमान धरून दांडी फिरवायचा. पुढे-मागे, पुढे-मागे. हत्याराला धार मात्र अशी, की दाढी करावी.”

संध्याकाळी हडसनकाठी गेलो. तिथे कोलगेटचं 1924 सालचं घड्याळ आहे, तबकडी 50 फुटांची. त्याचा मिनिटकाटा बघत डोक्यात आकडेमोड केली. काट्याचं टोक मिनिटाला दोन फूट तरी सरकतं. आणि माझ्या दांडीचं टोक, हजार फेरे घेऊनही? जेमतेम एक फूट! म्हणजे घर हादरवणारी माझी लेथ कामाच्या जागी या सुस्त काट्याच्याही मागे होती. तेच हजार फेरे दहा मिलिमीटरच्या पितळी चकतीला दिले तर कड 31 मीटर पळते. बाबांच्या घड्याळजीचं काम वेगावर नाही, धारेवर चालायचं, हे आठवलं आणि चौसष्ट हजारांचा नाद तिथेच सोडला. पट्टा बदलून हजारावर आलो आणि दोन तास नुसती धार लावत बसलो.

पोलादाचा तलम कीस निघू लागला. आनंदाच्या भरात पेडलवर पाय जरा जास्त पडला.

चौथी दांडी सध्या गालिच्यात आहे. मी टॉर्च घेऊन रांगतोय. बायको व्हॅक्यूम क्लीनर घेऊन दारात उभी आहे आणि विचारतेय, “याला किती फेरे ठेवू?”