कण्याला विचारलंय का?

२१ जूनचा योग दिन जवळ आला की सोसायटीच्या गच्चीवर पाठीचे कणे परीक्षेला बसतात. वर्षभर जिना टाळून लिफ्टची वाट पाहणारे काका त्या पहाटे थेट शीर्षासनाला हात घालतात. कारण बी विंगमधल्या वहिनींचा चक्रासनातला फोटो ग्रुपवर आधीच पडलेला असतो. पतंजलींनी आसनाकडून स्थैर्य आणि सुख एवढंच मागितलं होतं. 'शेजाऱ्यापेक्षा दोन इंच जास्त' ही अट आपली. हात पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचत नसेल तर काय करावं, हे बी. के. एस. अय्यंगारांनी पुण्यात बसून पट्टे, दोर, लाकडी ठोकळे, खुर्च्या वापरून अख्ख्या जगाला दाखवलं. पण खुर्ची घेतली की म्हणे म्हातारपण कबूल केल्यासारखं होतं! (मांडीमागच्या स्नायूंना इभ्रत वगैरे कळत नाही, ते सरळ कळवळतात.) रक्तदाब किंवा काचबिंदू असेल तर शीर्षासन नको, असं शिक्षक सांगत असतात तेव्हा काका नेमके सेल्फीचा कोन शोधत असतात. २२ जूनला मात्र ते फिजिओथेरपिस्टकडे अगदी ताठ बसलेले दिसतात. वाकताच येत नाही.