चोर कोण होणार?

सुपरहिरोंच्या राज्यात चोरांचा भयंकर तुटवडा असतो. बालवाडीच्या मोठ्या गटात ‘सुपरहिरो’ हा आठवड्याचा विषय ठरला, की पाच मिनिटांत चार स्पायडरमॅन, तीन हनुमान, दोन छोटे भीम आणि एक एल्सा जगाला वाचवायला कंबर कसून उभे राहतात. पण जगाला वाचवायचं कुणापासून? चोर व्हायला कुणीच तयार नसतं. शेवटी ते काम ताईंच्या गळ्यात पडतं. माझ्या नातीच्या ताई एवढ्या वेळा पकडल्या गेल्यात, की एखादा सराईत दरोडेखोरही त्यांच्यापुढे नवशिका ठरावा. छोट्या खुर्च्यांच्या तुरुंगात बसून त्या शांतपणे हजेरी भरतात आणि डबे उघडायची वेळ झाली की जामिनावर सुटतात.

या वयाच्या माणसाचा दिवस जरा डोळ्यांपुढे आणून बघा. त्याला झोपेतून दुसराच कुणी उचलतो. बटणं दुसरा लावतो, दुधात साखर किती ते तिसरा ठरवतो आणि अनोळखी काकांना नमस्कार करायचा हुकूम तर कुणीही सोडतो. अशा जिवाने गळ्याभोवती टॉवेलची गाठ मारून ‘मी उडतो’ म्हटलं, तर त्यात नवल ते काय? सबंध दिवसात त्याने स्वतः घेतलेला तो पहिला निर्णय असतो. मग हाच महाबली उडत उडत येतो आणि म्हणतो, “ताई, नाडी सोडा ना, लवकर!” आकाशात उडणं आणि नाडी न सुटणं यांत त्याला काडीचीही विसंगती वाटत नाही. ती आपल्यालाच वाटते.

मोठ्यांना धास्ती असते ती ढकलाढकलीची, आणि ती अगदीच खोटी नाही. १९९७ साली दूरदर्शनवर शक्तिमान आला, तेव्हा गल्लोगल्ली पोरं गरागरा फिरून आपटत होती आणि ‘माझी नक्कल करू नका’ हे शेवटी शक्तिमानलाच पडद्यावरून समजवावं लागलं. पण बंदी घातल्याने टॉवेल सुटत नाही, पोरं फक्त कोपरा बदलतात. शिकागोत वर्षानुवर्षं बालवर्ग घेणाऱ्या व्हिव्हियन पेली यांनी यावर १९८४ साली एक अख्खं पुस्तक लिहिलं. भातुकलीचा कोपरा मुली सांभाळतात आणि मुलगे सुपरहिरो होऊन त्यावर धाड घालतात, हे त्या वर्षभर बघत होत्या. बाईंनी मोकळ्या खेळाची वेळ कमी करायची सोडून वाढवली. तेव्हा मनसोक्त धाडी घालून झालेले वीर आपणहून टेबलापाशी येऊन कागद-कातरी घेऊन बसू लागले.

हा खेळ म्हणजे नुसता धुडगूस नसतो. खरं तर त्यात हाणामारी कमी आणि वाटाघाटी जास्त. ‘तू मेलास’, ‘नाही, मला ढाल आहे’, ‘ढाल कालच मोडली होती’, असा कायद्याचा कीस पाडण्यात अर्धा तास सहज जातो. प्रार्थनेला दोन मिनिटं स्वस्थ न बसणारा एक पोरगा मी पाहिला आहे. एल्साने त्याचा बर्फ केला, तर हाच पोरगा एका पायावर श्वास रोखून उभा! नाकावर माशी बसली तरी हलला नाही. खेळातला नियम पाळण्यासाठी मूल स्वतःला जेवढं आवरतं, तेवढं एरवी कुठेच आवरत नाही, असं रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोट्स्की सांगून गेले. माशीवाला पुरावा त्यांच्यापाशी नव्हता, एवढंच.

२०१७ साली ‘चाइल्ड डेव्हलपमेंट’ या नियतकालिकात एक मजेशीर प्रयोग छापून आला. चार आणि सहा वर्षांच्या १८० मुलांना एक महाकंटाळवाणं काम दिलं होतं. कंटाळा आला तर खेळायला जवळच टॅब ठेवलेला. काही मुलांना बॅटमॅन किंवा बॉब द बिल्डर अशा पात्रांचा वेश देऊन ‘बॅटमॅन नेटाने काम करतोय ना?’ असं स्वतःलाच विचारायला सांगितलं, आणि तीच मुलं सर्वांत जास्त वेळ कामाला चिकटून राहिली. मी बँकेचा केवायसी फॉर्म भरताना हा उपाय करून पाहिला. दुसऱ्या पानावर बॅटमॅनने पेन खाली ठेवलं.

माँटेसरीबाईंना मात्र असली सोंगं फारशी मानवत नसत. मुलांना खोट्या जगापेक्षा खरं काम प्रिय, असं त्यांचं म्हणणं. त्या १९५२ साली गेल्या आणि स्पायडरमॅन १९६२ साली जन्मला, त्यामुळे ही गाठभेट हुकली. झाली असती, तर बाईंनी त्याच्या हाती छोटा जग देऊन न सांडता पाणी ओतायला बसवलं असतं, आणि तो बसलाही असता. त्यांचीच पद्धत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला रुजवली. पण महागडी साधनं परवडणार नव्हती, म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं अशी अंगणातली चीजवस्तू हाताशी घेतली. गळ्यातला टॉवेल मला त्याच घराण्यातला वाटतो.

आता टॉवेलाची जागा भाड्याचे पोशाख घेताहेत. छातीवर स्पंजचे स्नायू असलेला सुपरमॅन सतरंजीवर मांडी घालूच शकत नाही, कारण पोटाच्या सहा वड्या आड येतात. पोशाख फाटला तर अनामत जाणार, म्हणून आईने त्याला पळायचीही बंदी केलेली. बिचारा जगाला वाचवणार तरी कसा?

मागच्या खेपेला सुपरहिरो-सप्ताहाची आठवण पालकांच्या गटावर रात्री साडेनऊला आली. दुकानं बंद. एका आईने काकुळतीने लिहिलं, “ताई, आमच्याकडे मागच्या फॅन्सी ड्रेसचा फक्त टोमॅटो आहे.” ताईंचं उत्तर आलं, “चालेल. शक्ती कोणती, ते तोच सांगेल.”

दुसऱ्या दिवशी टोमॅटो आला. कमरेवर हात ठेवून त्याने जाहीर केलं, की मला कुणीच चिरू शकत नाही. आणि चारही स्पायडरमॅन त्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले.