अकरा नग, टू-पे

आमचे वस्ताद गावोगाव जाऊन गाड्यांचं डिटेलिंग शिकवतात. दोन दिवसांचा क्लास, बारा विद्यार्थी, फळ्यावर कमी आणि बॉनेटवर जास्त. ‘प्रत्येकाच्या हातात मशीन’ हे त्यांच्या जाहिरातीतलं लाडकं वाक्य. ते मशीन त्या हातापर्यंत कोण पोचवतो, हे जाहिरातीत येत नाही. तो मी. वस्ताद पुण्याहून निघतात तेव्हा पाठीला एक सॅक आणि डोळ्यांना गॉगल असतो. बाकीची विद्या मागून खोक्यांतून येते.

त्या विद्येचा हिशेब असा. दोघांत एक याप्रमाणे सहा पॉलिशर. प्रत्येकाला कटिंगचे, पॉलिशिंगचे आणि फिनिशिंगचे वेगवेगळे पॅड. ते कंपाउंडने माखले की बदलायला आणखी तेवढेच. जोडीमागे दोन बादल्या, एक शाम्पूच्या पाण्याची आणि एक हातमोजा विसळायची. दोन्हींच्या तळाशी जाळी, म्हणजे खाली बसलेली माती पुन्हा मोज्याला लागत नाही. शिवाय माणशी बारा मायक्रोफायबर टॉवेल. एकूण एकशे चव्वेचाळीस.

हे टॉवेल धुण्याचे नियम कडक आहेत. सुती कपड्यांबरोबर टाकायचे नाहीत, सुताची लव चिकटते. सॉफ्टनर घालायचा नाही, तंतू बुजतात आणि टॉवेल पाणी टिपेनासा होतो. फार गरम पाणी चालत नाही. जमिनीवर पडलेला टॉवेल पुन्हा रंगाला लावायचा नाही, कारण त्यात अडकलेला एक खडा अख्ख्या बॉनेटवर नक्षी काढतो. वॉशिंग मशीन घरचं असल्यामुळे हे सगळं आईला समजावून सांगणं भाग होतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे सोवळं. मग असं सरळ सांग ना.” तेव्हापासून टॉवेल गच्चीत वाळत असले की त्या बाजूला फिरकायची मलाच बंदी आहे. खोक्यात भरायला मागितले तर आधी विचारते, “हात धुतलेस का?”

टॉवेल झाले, की बॉनेट. शिकाऊ माणसाच्या हातात मशीन देऊन त्याला कुणाच्या चालू गाडीवर सोडता येत नाही. गाडीच्या रंगाची एकूण जाडी साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन, आणि त्यातला वरचा पारदर्शक थर जेमतेम चाळीस-पन्नास, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. स्वर्लमार्क, म्हणजे बारीक गोलाकार ओरखडे, त्या थरात असतात, पॉलिशिंगही त्या थरातच करायचं, आणि थर संपला की विद्यार्थी संपला. म्हणून सरावाला भंगारातली बॉनेटं लागतात. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजाराच्या आसपास ती मिळतात. मात्र मला हवं असतं ते असं: कंपनीचा मूळ रंग, पोचा नाही, पुट्टी नाही, आणि ओरखडे भरपूर. जाडी मोजायचं यंत्र टेकवून मी एकेक नग नापास करतो. आकडा तीनशेच्या पुढे गेला की आत पुट्टी आहे हे दुकानदारालाही ठाऊक असतं, पण यंत्राने चुगली केल्याचं त्याला वाईट वाटतं.

एकदा मात्र त्याने माझं मन राखायचं ठरवलं. मी पोचलो तर चार बॉनेटं भिंतीला टेकवून ठेवलेली, आरशासारखी लखलखीत. “तुम्ही नेहमीचं गिऱ्हाईक,” तो अभिमानाने म्हणाला, “पोराला बसवून सकाळपासून घासून घेतलीत.” त्याला कसं सांगू, की माझ्या दृष्टीने त्याने माल नासवला होता? मी म्हणालो, “मला ओरखडे असलेली हवीत.” तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला, मग पोराला हाक मारून म्हणाला, “अरे, साहेबांना ती घासणी दाखव.”

आता माल पाठवायचा. पॅड आणि टॉवेल यांचं खोकं काट्यावर दहा किलो भरतं, पण कुरिअरवाला काट्याकडे बघतच नाही. तो टेप काढतो. साठ गुणिले पन्नास गुणिले पन्नास, भागिले पाच हजार: तीस किलो. वरचे वीस किलो हवेचे, आणि ही हवा आपण पुण्यातून कोल्हापूरला भाडं भरून नेतो आहोत. यावर उपाय म्हणून मी बादल्या एकात एक घालून सगळ्यात वरच्या बादलीत टॉवेल कोंबायला शिकलो. त्यासाठी आधी आईची परवानगी काढावी लागते.

बाटल्यांचं प्रकरण त्याहून नाजूक. पॉलिश केल्यावर त्यातलं तेल रंगावर बसून ओरखडे झाकतं. ते पुसून खरं रूप बघायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. ते बारा अंशांच्या आसपासही पेट घेण्याजोगी वाफ सोडतं, त्यामुळे हवाई कुरिअर ते साध्या पार्सलात घेत नाही. रेल्वेत असला ज्वालाग्राही माल नेला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वस्ताद नागपूरला विमानाने जातात तेव्हा पॉलिशरच्या सुट्या लिथियम बॅटऱ्याही केबिनमध्येच न्याव्या लागतात. अठरा व्होल्ट, पाच अँपिअर-अवर म्हणजे नव्वद वॉट-अवर, आणि बिनपरवानगीची हद्द शंभर. सुरक्षा तपासणीत त्यांचा गॉगल उतरतो, तो तिथेच. अल्कोहोल मात्र ज्या त्या गावात विकत घ्यायचं. कोल्हापुरात एका केमिकलवाल्याने पाच लिटरचा कॅन काढता काढता घाबऱ्याघुबऱ्या विचारलं होतं, “परत करोना आला का काय?”

उरलेलं सगळं ट्रान्सपोर्टने. नाना पेठेतल्या बुकिंग क्लार्कने बिल्टी लिहायला घेतली. “माल काय?”

“बादल्या.”

“हं.”

“टॉवेल. मशीन. शाम्पू. आणि चार बॉनेटं, खराब.”

त्याने पेन थांबवलं. “घर सोडलं का तुम्ही?”

मशीनची किंमत धरून माल लाखाच्या वर जातो, त्यामुळे राज्यातल्या राज्यातही ई-वे बिल लागतं. विक्री नसल्यामुळे सोबत डिलिव्हरी चलन. ई-वे बिलात गाडीचा नंबर भरावा लागतो, आणि कोणती गाडी लागणार ते रात्री गाडी लागल्यावरच कळतं. “नग किती?” “अकरा.” “पेड का टू-पे?” पेड म्हणजे भाडं इथे मी भरणार. टू-पे म्हणजे तिथे माल सोडवून घेणारा भरणार, म्हणजे वस्ताद. गॉगलवाल्या माणसालाही थोडी विद्या मिळावी, म्हणून मी नेहमी टू-पे लिहायला सांगतो.

‘नाजूक माल, वर काही ठेवू नये’ असं ठळक अक्षरात लिहिलेली खोकी हमालांना फार आवडतात. ती सपाट असतात आणि त्यांच्यावर उभं राहून वरचा नग नीट रचता येतो. खंबाटकीचा घाट आणि हायवेच्या कामाची धूळ खाऊन अकरा नग पहाटे कोल्हापुरात उतरले. लोखंडाचे कण विरघळवणाऱ्या द्रवाची एक बाटली वाटेत झिरपली होती. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. गोडाऊनमधल्या माणसांनी आमचे नग आपणहून दाराबाहेर, सगळ्यांच्या आधी, काढून ठेवले होते. इतक्या तत्पर डिलिव्हरीसाठी लोक जादा पैसे मोजतात.

क्लास झकास झाला. रंगाला चिकटलेली घाण ओढून घेणारी, जपान्यांनी काढलेली क्ले हातातून जमिनीवर पडली की टाकून द्यायची असते, हा नियम बाराही जणांनी प्रत्यक्ष पाडून शिकून घेतला. शेवटी शंकासमाधान. वस्ताद खुर्ची पुढे ओढून सावरून बसले. गडहिंग्लजचा एक पोरगा उठला आणि त्यांना ओलांडून थेट माझ्याकडे आला. “पॉलिशिंग यूट्यूबवर बघून जमतंय हो. एवढं सगळं आणलासा कसं? ती यादी तेवढी द्या की राव.” मागोमाग बाकीचे अकराजणही आले. वस्तादांनी गॉगल लावला.

“लॅमिनेट करून कुरिअरनं पाठवा,” पोरगा म्हणाला.

“कुरिअरवाले घेणार नाहीत,” मी म्हणालो. “यादीत अल्कोहोल आहे.”