हजार किलोमीटरचं सोवळं

नवी गाडी दारात आली की तिच्यावर पहिला हक्क नारळाचा, दुसरा लिंबांचा आणि तिसरा शेजाऱ्यांचा. नारळ फुटतो, चाकांखालची लिंबं चिरडतात, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक उमटतं आणि पेढा गालात ठेवूनच कुणीतरी विचारतं, "किती देते?" मीटरवर अजून धड शंभर किलोमीटरसुद्धा झालेले नसतात. गाडी डिझेलची आहे असं कळलं की पाठोपाठ सल्ला येतो, "पहिले हजार जरा जपून हं!"

आता जपायचं म्हणजे काय करायचं, यावर आमच्या सोसायटीत दोन तट आहेत. एक तट स्कूटरच्या काळातला. नव्या स्कूटरला चाळीसच्या वर जाऊ द्यायचं नाही, हे ज्यांनी तरुणपणी व्रतासारखं पाळलं, त्यांच्या मते मोटारीलाही तोच नियम. दुसरा तट तिशीतल्या मुलांचा. त्यांचं म्हणणं, पहिल्या दिवसापासून पिळा, नाहीतर इंजिन जन्मभर मठ्ठ राहतं. गाडीबरोबर मिळणारं जाडजूड माहितीपुस्तक दोघांपैकी कुणीच उघडत नाही. ते डॅशबोर्डाच्या कप्प्यात विम्याच्या कागदांखाली सुखाने झोपलेलं असतं.

मी ते उघडलं. रिकामटेकडेपणाचे काही फायदे असतात. त्यात लिहिलं होतं की सुरुवातीला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबू नका, एकाच वेगाने फार वेळ चालवू नका, उगाच उभ्या उभ्या इंजिन चालू ठेवू नका, आणि वरच्या गिअरमध्ये गाडीला रडतखडत ओढायला लावू नका. म्हणजे जोरात नको, हळूही नको आणि सारखंही नको. एवढा समतोल मला लग्नाच्या पंगतीतही कधी जमलेला नाही.

पण यामागचं कारण मोठं गमतीचं आहे. सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात कारखान्यात तिच्यावर मुद्दाम बारीक तिरप्या रेघांची जाळी कोरलेली असते. त्या रेघांत तेल टिकून राहतं आणि रेघांच्या मधल्या उंचवट्यांची टोकं पिस्टनवरच्या रिंगा घासून घासून काढतात. नवी कोल्हापुरी चप्पल पायाला चावते तसाच हा प्रकार. दोघांनीही थोडं थोडं झिजायचं, मग जोडी जमते. मात्र रिंग भिंतीला घट्ट टेकते ती केवळ स्वतःच्या ताणाने नव्हे. वर जळणाऱ्या वायूचा दाब तिच्या पाठीमागे शिरतो आणि तिला भिंतीकडे रेटतो. हा दाब येतो इंजिन काम करत असताना. नुसतं फुरफुरत ठेवलं तर दाब कमी पडतो, रिंगा नीट बसत नाहीत, भिंतीवर चकाकी चढते आणि मग गाडी तेल खायला लागते. सोवळ्यात ठेवलेलं इंजिन असं बिघडतं.

डिझेलला तर हे फारच लागू. त्याला स्पार्क प्लग नाही. हवा इतकी दाबायची की ती तापावी आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटावं, एवढंच त्याचं तंत्र. रिंगा सैल असतील तर दाब कुठून येणार? खुद्द रुडॉल्फ डिझेललाही घाई करून भागलं नव्हतं. आउग्सबुर्गच्या कारखान्यात १८९३ साली त्याचं इंजिन चाचणीला उभं राहिलं आणि चारचौघांना अभिमानाने दाखवण्याजोगं चालायला १८९७ उजाडलं. त्या मानाने हजार किलोमीटर काहीच नाहीत.

अडचण रस्त्याची होते. पुण्यातल्या माणसाला गाडी घेतल्यावर पहिल्याच रविवारी मुंबईच्या द्रुतगती मार्गावर जायचं असतं. तिथे शंभराची मर्यादा, म्हणून काटा शंभराला चिकटवायचा आणि लोणावळ्यापर्यंत हलवायचा नाही. नव्या इंजिनाला नेमकं हेच नको असतं. त्याला चढ-उतार हवेत, गिअर बदलायला हवेत, मध्येच एखादी म्हैस आडवी यायला हवी. मी जुन्या रस्त्यानेच जातो, खोपोलीमार्गे. घरच्यांना वाटतं टोल वाचवतोय. तेही खरंच आहे.

आणि मग टर्बो. अल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं. बाहेर वाया जाणाऱ्या गरम धुरावर एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात जादा हवा कोंबायची. टाकाऊतून टिकाऊ हा आपल्याकडच्या गृहिणींचा विषय त्याने असा यंत्रात आणला. ही चक्रं मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतात आणि त्यांचा दांडा तरंगतो इंजिनाच्याच तेलाच्या पातळ थरावर. म्हणून घाट चढून आल्यावर किल्ली लगेच फिरवायची नाही, मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवायचं. नाहीतर तेलाचा पुरवठा थांबतो आणि तापलेल्या जागी अडकलेलं तेल करपतं.

हे मिनिट मी मनापासून पाळतो. पार्किंगमध्ये मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहतो. वॉचमन येऊन विचारतो, "साहेब, काही विसरलं का?" मी 'टर्बो' म्हणतो आणि तो समजल्यासारखी मान हलवतो. तोपर्यंत घरची मंडळी पिशव्या घेऊन लिफ्टने वर गेलेली असतात. टर्बोचा हा फायदा कुठल्याही कंपनीने अजून जाहिरातीत छापलेला नाही.

अखेरचा निकाल मात्र मामांकडून आला. मामा कराडजवळचे. त्यांच्या विहिरीवर वर्षानुवर्षं किर्लोस्करचं ऑइल इंजिन होतं. हँडल मारून सुरू करायचं, वाफा सोडत दिवसभर पाणी उपसणारं. मी त्यांना गाडी दाखवायला नेली आणि मोठ्या कौतुकाने सांगितलं की सध्या अगदी जपून, रिकामी चालवतोय.

"रिकामी?" मामांनी बॉनेटकडे पाहिलं. "आरं, डिझेल इंजानाला भार पायजे. नुसतं फिरवत बसलास तर त्याल प्यायला लागतंय ते."

जे मला पुस्तकातून कळलं होतं ते त्यांना विहिरीच्या काठावर कळलं होतं. मी मान डोलावली आणि चहा प्यायला आत गेलो. बाहेर आलो तेव्हा डिकीत ज्वारीची दोन पोती, मागच्या सीटवर गुळाच्या ढेपा आणि पायाशी हिरव्या नारळांचा ढीग होता. सीटांवरचं शोरूमचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं, हे नशीब. पुस्तकात जादा वजन टाळा असंही एक वाक्य होतं, पण ते मामांना वाचून दाखवण्याची माझी प्राज्ञा नव्हती.

परतताना शिंदेवाडीच्या चढाला चौथ्यात गाडी कण्हायला लागली. तिसरा टाकला, काटा दोन हजारांच्या पुढे सरकला, टर्बोने शीळ घातली आणि पोती, ढेपा, नारळ आणि आम्ही असे सगळे तालात वर निघालो. घरी पोचतो तोच मामांचा फोन.

"चढली का?"

"चढली."

"मग फुडल्या खेपेला शेंगा बी घिऊन जा."