पब्लिक ना

वास्को, डिसेंबर २०२५

मॅनेजर बाब,



वर्ष सरत आलं की आमच्या सिनेमावेड्या कंपूत प्रत्येकानं आपल्या आवडत्या चित्रपटांची यादी वाचून दाखवायची, असा रिवाज आहे. यंदा माझ्या यादीचं श्रेय तुमच्या मल्टिप्लेक्सला. काय बघावं, किती वाजता बघावं आणि काय मुळीच बघू नये, याचा एवढा विचार माझ्यासाठी माझ्या वडिलांनीही कधी केला नव्हता.

मार्चमध्ये जयंत सोमलकरांचा 'स्थळ' आला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावची सविता शिकू पाहते आणि बघायला येणारे पाहुणे पोहे खाऊन तिला नाकारत राहतात. तुम्ही खेळ ठेवलात सकाळी साडेनऊला. कांदेपोह्यांची वेळ अचूक साधलीत. जूनमध्ये 'जारण'ला दुपार मिळाली. अमृता सुभाषसाठी भिजत आलो, तक्रार नाही.

मग १२ सप्टेंबरला 'दशावतार'. माझं मूळ घर पेडण्यात. आमच्याकडे जत्रेत मध्यरात्र उलटली की दशावतारी नाटक उभं राहतं आणि उजाडेपर्यंत चालतं, संकासुर दिसला की पोरं आईच्या पदराखाली शिरतात. तुम्ही परंपरेची जाण ठेवून पहिल्या आठवड्यात चित्रपटाला रात्री पावणेअकराचा खेळ दिलात. फरक एवढाच, की जत्रेतून पहाटे चालत घरी जाता येतं; तुमच्याकडून सुटल्यावर वास्कोला यायला कदंबची बस मिळत नाही.

तरी आलो. ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर तोंडाला रंग लावून उभे राहतात, तेव्हा झोपेचं खोबरं झालं तरी चालतं. गोष्ट सांगत नाही, पण तिच्यात डोंगर आहे आणि डोंगरावर खाणवाल्यांचा डोळा आहे. माझ्या बाजूला डिचोलीचे एक गृहस्थ होते. डिचोलीचा डोंगर बार्जीत भरून मांडवीतून आमच्या मुरगाव बंदरात आलेला आम्ही वास्कोकरांनी वर्षानुवर्षं पाहिला. २०१२ला खाणी थांबल्या, २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं ८८ खाणपट्टे रद्द केले. खाणीनं या गृहस्थांच्या दारात ट्रक आणला आणि मागची बागायत खाल्ली. मध्यंतरात ते पॉपकॉर्न घ्यायलाही उठले नाहीत. पुढे चित्रपट चालला आणि तुम्ही संध्याकाळचे खेळ लावलेत. ते त्यानं स्वतः कमावले, तुम्ही दिले नाहीत.

आता मुद्द्याचं. १९ सप्टेंबरला 'साबर बोंडं' लागला. रोहन कानवडेंचा चित्रपट, वर्षाच्या सुरुवातीलाच अमेरिकेत सनडान्स महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळवून आलेला. तिथं पोचलेला पहिलाच मराठी चित्रपट. सनडान्सपर्यंत गेला, पण तुमच्या तिसऱ्या पडद्यापर्यंत काही पोचला नाही. दिवसाला एकच खेळ, दुपारी सव्वाबाराचा. रजा टाकून आलो. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "शो कॅन्सल, काका. पब्लिक ना."

पब्लिक ना! मग आम्ही तिथं उभे होतो ते कोण होतो? तिकिटं काढली होती, दोघी बायका फोंड्याहून आल्या होत्या, एक कॉलेजची मुलगी तर तिकिटाचा कागद हातात धरून पोराला दाखवत होती. बाहेर एक पोस्टर नाही, वेळ आदल्या रात्री ॲपवर उगवते, खेळ कामाच्या दिवशी भर दुपारी. इतकं सगळं करून पब्लिक यायचं थांबवायचं आणि जे तरीही आले त्यांना सांगायचं, कोणी आलं नाही! त्याच वेळी शेजारच्या हिंदी चित्रपटाला आत शिरणारी माणसं मी मोजली, आमच्याहून कमी होती. त्यांचा खेळ झाला. मला यात उपरोध सुचत नाही बाब, संताप येतो.

शेवटी पुण्याला भाचीकडे गेलो तेव्हा पाहिला. वडील गेल्यावर मुंबईहून गावी आलेला आनंद, दहा दिवसांचं सुतक, लग्नाचं विचारून भंडावणारे नातेवाईक आणि बालमित्र बाळ्या. मोठ्यानं काही घडत नाही. दोन पुरुषांचं प्रेम इतक्या शांतपणे, इतक्या आपल्या अंगणात घडताना मी मराठीत पाहिलं नव्हतं. यादीत तो पहिला, 'दशावतार' दुसरा.

'गोंधळ'बद्दल काय बोलू? पणजीत इफ्फी चित्रपट महोत्सवात संतोष डावखरांना त्यासाठी दिग्दर्शनाचा रौप्य मयूर मिळाला. त्या दिवशी तुमच्या फलकावर हा चित्रपट शोधून पाहिला. असो. २००४पासून बहुतेक नोव्हेंबरांत याच गोव्यात माणसं इराणी चित्रपटांसाठी रांगा लावतात, ती डिसेंबरात 'ना' होतात. महाराष्ट्रात २०१५ला मराठीच्या प्राइम टाइमचा नियम केला. त्याला पळवाटा असतील, पण नियम तरी आहे. तेरेखोल ओलांडली की तोही नाही.

'साबर बोंडं'चा खेळ रद्द झाला त्या दुपारी मी काउंटरवर आवाज चढवला तेव्हा तुम्ही बाहेर आलात. तक्ता मुंबईहून येतो म्हणालात, तुमच्या हातात फक्त कॅन्सलचं बटण. मग हळूच सांगितलंत, तुम्हीही पेडण्याचेच, मामा दशावतारात स्त्रीपार्ट करायचे, आणि 'दशावतार' अजून पाहिलेला नाही, कारण प्रत्येक खेळाला तुमची ड्युटी. पाण्याची बाटली दिलीत, तिचेही पैसे घेतले नाहीत. मुंबईचा तो माणूस मला कधी दिसणार नाही. तुम्ही दिसता, म्हणून शिव्या तुम्हाला. हा अन्याय मी चालू ठेवणार आहे.

१ जानेवारीला हेमंत ढोमेंचा 'क्रांतिज्योती विद्यालय मराठी माध्यम' येतो आहे. मुंबईला फोन करा, भांडा, संध्याकाळी साडेसहाचा एक खेळ मागून घ्या. बाहेर पोस्टर चिकटवा. वास्कोहून माणसं आणायचं माझ्याकडे लागलं. आणि त्या दिवशीची तुमची ड्युटी दुसऱ्या कुणाला तरी लावा.

आपला,
पब्लिक