इंग्रजीच्या बाई व्हायचंय, रस्ता कुठला?

पालीच्या माणसाला रस्ता विचारला आणि तो 'माहीत नाही' म्हणाला, असं आजवर झालेलं नाही. गावाची जागाच तशी आहे. मुंबई-गोवा महामार्ग इथून जातो आणि इथेच कोल्हापूरचा रस्ता त्याची संगत सोडून नाणीज, साखरपा करत आंबा घाटाकडे वळतो. महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू असल्यामुळे कालचा रस्ता आज जागेवर असेलच असं नाही; पण म्हणून आमचा सांगण्याचा उत्साह कमी झालेला नाही. टपरीवर चहा पिणारा माणूस कप खाली न ठेवता, नुसत्या हनुवटीने गाडीवाल्याला पणजीपर्यंत पोचवतो.

अशा गावात आमच्या पुतणीने बी.ए. झाल्याझाल्या पडवीत बसून चारचौघांदेखत विचारलं, "मला इंग्रजीची शिक्षिका व्हायचंय. काय करू?"

पहिले सरसावले ते शेजारचे निवृत्त गुरुजी. "डी.एड. कर गो बाय." गुरुजींच्या काळी बारावी झाली की डी.एड., डी.एड. झालं की नोकरी आणि नोकरी लागली की लग्न, असा सरळसोट मामला होता. पुढे डी.एड. कॉलेजं वाढली, नोकऱ्या आटल्या, आणि अभ्यासक्रमाचं नावही बदलून डी.एल.एड. झालं. गुरुजींनी यातलं काहीच मान्य केलेलं नाही.

त्यांचं इंग्रजीशी नातं जुळलं ते २००० साली. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते आणि मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. गुरुजींचं इंग्रजी तोवर तर्खडकरांच्या पाठमालेत पडून होतं, आणि तेही बोलण्यासाठी कधी वर काढलेलं नव्हतं. जून उजाडला. गुरुजी वर्गात गेले, घसा खाकरला आणि हाताने खूण करत 'स्टँड अप' म्हणाले. पोरं उभी राहिली. सगळ्यात जास्त आश्चर्य गुरुजींनाच वाटलं. मग 'सिट डाउन' म्हणून पाहिलं. बसली. खात्री करून घ्यायला त्यांनी वर्गाला आणखी तीन-चारदा उठवलं-बसवलं. "त्या दिवशी मी इंग्रजीचा मास्तर झालो," ते सांगतात. "प्रशिक्षणाचा कागद मागाहून आला."

"गुरुजी, मला मोठ्या मुलांना शिकवायचंय," पुतणी म्हणाली.

"मग बी.एड.," दादाने, म्हणजे तिच्या वडिलांनी, निकाल दिला. पण बी.एड.चीही एक वेगळीच तऱ्हा आहे. आमच्या पिढीत ते एका वर्षात उरकायचं. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं. नव्या शैक्षणिक धोरणात बारावीनंतर चार वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम आला, आणि २०२५च्या मसुद्यात काही जणांसाठी पुन्हा एक वर्षाचं करायचं घाटतंय. शिवाय ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पहिली ते पाचवीला शिकवायला बी.एड. चालायचं नाही, तिथे डी.एल.एड.च हवं. हे कळल्यावर गुरुजींनी दादाकडे जे पाहिलं, ते पाहणं आमच्या घरात अजून विसरलेलं नाही.

बी.एड.ला जायचं तर सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा. इंग्रजी माध्यमातून बी.एड. करायचं तर वर आणखी एक चाचणी, इंग्रजी येतं की नाही याची. मराठी माध्यमातून बी.एड. करून इंग्रजी शिकवणाऱ्यांना मात्र तिथे हा प्रश्न कुणी विचारत नाही. ते काम पुढे मुलं करतात.

मग टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. दीडशे प्रश्न, दीडशे मिनिटं, पास व्हायला साठ टक्के. सहावी ते आठवीसाठी दुसरा पेपर. पुतणीने आराखडा मोठ्याने वाचला: बालमानसशास्त्र तीस, पहिली भाषा तीस, दुसरी भाषा तीस, आणि उरलेले साठ गुण एकतर गणित-विज्ञानाला किंवा सामाजिक शास्त्राला. म्हणजे जिला आयुष्यभर इंग्रजी शिकवायचंय तिने इंग्रजीचे तीस मिळवायचे आणि त्याच्या दुपटीने मौर्य, मराठे, मोसमी वारे. वहिनींना यात काही वावगं वाटलं नाही. "वाऱ्यांचं माहीत असलेलं बरं. पुढेमागे किनाऱ्यावरची शाळा मिळाली तर?"

टीईटीचं पुस्तक घरात आलं ते मात्र पुतणीसाठी नाही, तिच्या काकूसाठी. आमची सौ. जिल्हा परिषदेच्या शाळेत वीसेक वर्षं शिकवते आहे. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: नोकरीत असलेल्यांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं, ज्यांची पाच वर्षांहून कमी सेवा उरली आहे त्यांना तेवढ्या नोकरीपुरती सूट. त्या आठवड्यात तालुक्यात चमत्कार झाला. ज्या बाईंनी हळदीकुंकवातसुद्धा कधी वयाचा थांग लागू दिला नव्हता, त्या आपण होऊन निवृत्तीची तारीख सांगू लागल्या. आमच्या घरात ही सोय नव्हती. सौ.ने चष्मा पुसला आणि पुस्तक उघडलं.

बालमानसशास्त्र दोन्ही पेपरांना सारखं, म्हणून रात्री जेवणं आटोपली की काकू-पुतणी एका दिव्याखाली बसत. मधे पियाजे, व्हायगॉट्स्की आणि शेंगदाण्यांची वाटी. एकदा पुतणीने प्रश्न वाचला, "वर्गातील एक मूल सतत खिडकीबाहेर पाहते. शिक्षक म्हणून आपण काय कराल? एक, शिक्षा करू. दोन, दुर्लक्ष करू. तीन, पालकांना बोलावू. चार, कारण जाणून घेऊ."

"आधी मी खिडकीबाहेर बघेन," सौ. म्हणाली.

"तो पर्याय नाहीये, काकू."

"नसू दे. आमच्याकडे मूल खिडकीबाहेर बघतं तेव्हा वांदरं आलेली असतात. व्हरांड्यातले डबे आत घ्यायला लागतात."

"मग 'कारण जाणून घेऊ' म्हणजे तेच की."

"कारण जाणून घेईपर्यंत डबे जातात," सौ. म्हणाली आणि नाइलाजाने चार नंबरवर खूण केली.

२३ नोव्हेंबरला ती परीक्षेला बसली. वर्गावर पर्यवेक्षक म्हणून आला तो तिचाच जुना विद्यार्थी. त्याने नमस्कार केला, पाण्याची बाटली कुठे ठेवायची ते सांगितलं आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "कुणी मान वळवायची नाही," असं बजावलं. सौ. घरी आली ती पेपर कसा गेला हे सांगायच्या आत म्हणाली, "पाढे म्हणताना ह्याची मान माझ्याकडे कधी नव्हती."

टीईटी झाली की टेट. दोनशे प्रश्न, एकशेवीस मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला छत्तीस सेकंद. त्यात अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता. गोल टेबलाभोवती आठ जण बसलेत; क हा ड च्या समोर नाही; तर फ च्या डावीकडे कोण? मला वाटतं, हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्यांना ठीक. मग ते गुण घेऊन शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर शाळांचे पसंतीक्रम भरायचे आणि यादीची वाट बघायची. नंबर लागला तर तीन वर्षं शिक्षणसेवक. मानधन २०२३ पासून प्राथमिकला सोळा हजार, माध्यमिकला अठरा. त्याआधी ते सहा आणि आठ होतं, हे ऐकून वहिनी एकदम म्हणाल्या, "मग बरंच आहे की!" कोकणी माणसाला समाधानी करणं फार सोपं असतं.

इथवर फक्त सरकारी वाटा झाल्या. मस्कतच्या भाच्याने फोनवरून आंतरराष्ट्रीय वाट दाखवली. "मामा, तिला सेल्टा करायला सांग. केंब्रिजचं सर्टिफिकेट. जगात कुठेही चालतं." मी चौकशी केली. १९६२ साली लंडनमध्ये जॉन हेक्राफ्ट यांनी परदेशी माणसांना इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी एक छोटा वर्ग काढला, त्यातून हे वाढत गेलं. पूर्णवेळ केलं तर चार-पाच आठवड्यांत संपतं. त्यात सहा तास प्रत्यक्ष शिकवायचं, समोर खरे विद्यार्थी आणि पाठीमागे वही उघडून बसलेले परीक्षक. गुरुजींना हे फार पटलं. "सहा तासांत माणूस कळतो," ते म्हणाले. मात्र हे मोठ्या माणसांना शिकवण्यासाठी आहे म्हटल्यावर त्यांचा विरस झाला. "मोठी माणसं काय, ऐकतातच. त्यात शिकवायचं काय?" दादाने फी विचारली. मी लाखाच्या वरचा आकडा सांगितला. विषय तिथेच थांबला.

पुतणीच्या मोबाइलवर त्याहून स्वस्त जाहिराती येत होत्या. १२० तासांचं ऑनलाइन प्रमाणपत्र, घरबसल्या, सवलत आज रात्रीपर्यंत. मग थायलंड, व्हिएतनाम, कुठेही जा. सवलत दुसऱ्या रात्रीही असायची. तिथल्या नोकरीच्या जाहिराती उघडल्या तर पुष्कळ ठिकाणी अट अशी की उमेदवार जन्मापासून इंग्रजी बोलणारा हवा. गुरुजी म्हणाले, "जन्मापासून कोण बोलतो? सगळे रडतात."

माझं मत कुणी विचारलं नाही, म्हणून इथे सांगतो. हैदराबादला १९५८ साली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश निघाली. आता ते इफ्लू नावाचं विद्यापीठ आहे. आपल्यासारख्या देशात, आपल्यासारख्या पोरांना इंग्रजी कसं शिकवावं यावर तिथे इतकी वर्षं डोकं चालवलेलं आहे. मला ते सगळ्यात शहाणपणाचं वाटलं. घरातल्यांना ते फक्त लांब वाटलं.

"लांबचं काय सांगता?" गुरुजी कडाडले. मग अण्णासाहेब कर्वे आले. गुरुजींच्या प्रत्येक वादात ते येतातच. धोंडो केशव, दापोलीजवळच्या मुरुडचे. सहावीची सरकारी परीक्षा पास झालं की मास्तर होता येई. परीक्षेचं केंद्र साताऱ्याला. भर पावसात, घाट चढून, शंभराहून अधिक मैल चालत गेले, आणि तिथल्या साहेबांनी 'वयाने लहान दिसतोस' म्हणून परीक्षेलाच बसू दिलं नाही. पुढे कोल्हापूरला जाऊन पास झाले.

"बघ," गुरुजी पुतणीला म्हणाले, "केवढी जिद्द!"

"पण गुरुजी, त्यांना निदान कुणीतरी तोंड बघून नाकारलं," ती म्हणाली. "पोर्टल तेवढंही करत नाही."

मधल्या काळात एक गोष्ट न ठरवता चालू झाली होती. वाडीतली पोरं संध्याकाळी तिच्याकडे पडवीत येऊन बसू लागली. सुरुवातीला सगळी एका सुरात 'माय नेम इज' म्हणायची, अगदी आरतीच्या चालीवर. एकाने जोरात म्हटलं की बाकीची तेच नाव घ्यायची. एक दिवस तिने पुस्तक मिटलं, त्यांना कुंपणाशी नेलं आणि इंग्रजीत म्हणाली, मी पाहुणी आहे, मला वाट सांगा. पोरं गप्प. मग चौथीतला एक हडकुळा पोरगा, शाळेत ज्याचं तोंड उघडत नाही असं सौ. सांगते तो, पुढे झाला. हात लांब करून म्हणाला, "धिस रोड गो कोल्हापूर. दॅट रोड गो गोवा. गोवा रोड व्हेरी खड्डा. यू गो कोल्हापूर." बाकीची लगेच तुटून पडली. एकीला पाहुणीला रत्नागिरीलाच पाठवायचं होतं. अर्धा तास नुसता गलका. व्याकरणाचा एकही नियम शाबूत राहिला नाही. गुरुजी आपल्या अंगणात उभे राहून ऐकत होते. मधेच न राहवून त्यांनी हातखंब्याचं वळण इंग्रजीतून दुरुस्त केलं.

जानेवारीत तिने निर्णय सांगितला: बी.एड., रत्नागिरी, इंग्रजी माध्यम. जी काय चाचणी असेल ती देईन म्हणाली. दादाने अभिमानाने सगळ्यांकडे पाहिलं. मी कारण विचारलं. मला वाटलं, अभ्यासक्रम, मुंबई विद्यापीठ, असं काही सांगेल.

"रत्नागिरीहून संध्याकाळची एस.टी. पकडली की पोरं यायच्या आत घरी पोचता येतं," ती म्हणाली.

"आणि कोल्हापूर का नको?" वहिनींना माहेर आठवलं.

"कोल्हापूरची गाडी रत्नागिरीहूनच भरून येते, आई. पालीत चढणाऱ्याला आंब्यापर्यंत उभं राहायला लागतं."